गाडीचं गोडं पाणी

सकाळच्या कोवळ्या उन्हात वर उचलून धरलेलं गाडीचं बॉनेट, त्याखाली रेडिएटरचं पेल्याएवढं पितळी तोंड, आणि त्या तोंडातल्या काळसर पाण्यात आधी थरथरत, मग हळूहळू स्थिर होत गेलेला माझा स्वतःचा एक डोळा... मागचं काही आठवायला बसले की सगळ्यात आधी हाच डोळा माझ्याकडे बघतो. लोक बालपणाविषयी लिहितात तेव्हा त्यात चिंचा असतात, बोरं असतात, सुटीतली भांडणं असतात. ते सगळं आमच्याकडेही होतंच. पण माझं बालपण कुणी एका जागी उभं करून ठेवलं असेल, तर ते त्या उघड्या बॉनेटसमोर, उपड्या घातलेल्या बादलीवर, हातात पाण्याचा डबा देऊन. ‘डोळा दिसला का गं?’ असं माझे वडील, म्हणजे अण्णा, गाडीची मागची काच पुसता पुसता विचारत, आणि दिसेपर्यंत मी पाणी ओतत राही.

मुरब्याच्या अलीकडे, खाडीच्या अंगाला आमची वाडी होती. चिकू, केळी, कुंपणाकडेला मोगरा, आणि त्या सगळ्यांवर हंगामाप्रमाणे बदलणारे वास – दुपारी वारा फिरला की सातपाटीच्या बाजूनं सुकत घातलेल्या बोंबलांचा, आणि पूर्वेकडून आला तर बोईसरच्या कारखान्यांचा, नाव नसलेला, घशात खवखवणारा. ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात असावी. मी तिसरीत होते. आसपासची माणसं एकेक करून कारखान्यात लागत होती. अण्णांना मात्र भोंग्यावर उठणं-बसणं मंजूर नव्हतं. कारखाने आले म्हणजे साहेब येणार, आणि साहेब आले म्हणजे त्यांना गाडी लागणार, असा त्यांचा साधा हिशेब. खाडीकडचा चिकूचा तुकडा विकून त्यांनी मुंबईच्या एका डॉक्टरांची जुनी गाडी आणली – राखाडी रंगाची, गोल दिव्यांची, आत चामड्याचा आणि कापराचा मिसळलेला वास असलेली. ती अंगणात येऊन उभी राहिली तेव्हा तिच्या पोटाखालून थेंब थेंब पाणी गळत होतं. ‘लांबून आलीय ना, घाम आलाय तिला,’ असं अण्णा म्हणाले, आणि आम्ही सगळे हसलो. हा घाम पुढं कधी थांबला नाही.

आमच्याकडे पाण्याला दोनच जाती होत्या, गोडं आणि मचूळ. वाडीतली विहीर मचूळ. खाडीचं खारं पाणी जमिनीखालून येऊन तिच्यात मुरत असे. त्या पाण्यात साबणाला फेस येत नसे, केसांची सुतळी होई, डाळ चार लाकडं जास्त जाळली तरी आपली कणी सोडत नसे, आणि चहात दूध घातलं रे घातलं की ते फाटून त्याच्या चिंध्या तरंगू लागत. गोडं पाणी शेतांपलीकडच्या एकाच विहिरीत होतं. तिला दुसरं नावच नव्हतं, गोडी विहीर म्हणायचे. आई पहाटे तिथून दोन हंडे आणायची, डोक्यावर एकावर एक, आणि दुपारी पुन्हा जाऊन कमरेवर एक कळशी. हंडे घराचे. कळशी गाडीची.

हे वाटप अण्णांचं. गाडी आणली त्याच आठवड्यात बोईसरचा एक मिस्त्री तिला बघून गेला होता. उत्तरेकडून आलेला, बोलायला मोजका माणूस. जाताना तो म्हणाला, ‘सेठ, खारा पानी मत डालना. जाली सड़ जाएगी.’ अण्णांना आयुष्यात प्रथमच कुणी सेठ म्हणालं होतं. त्या एका शब्दाच्या भरात त्यांनी त्यापुढचं वाक्य व्रतासारखं उचललं. तेलाचा एक पत्र्याचा डबा घासूनपुसून त्याला तारेची कडी लावली, आणि त्यावर लाल रंगानं स्वतःच्या हातानं लिहिलं – गाडी. आईनं कळशी त्या डब्यात ओतायची, मी सकाळी ती रेडिएटरला पाजायची. वैशाखात गोडी विहीर तळाला जाई, दुसऱ्या हंड्यात गाळ येई, तेव्हा आम्ही माठात अर्धं मचूळ मिसळून प्यायचो आणि तोंड वाकडं करायचो. गाडीच्या डब्यात कधी थेंबभर मिसळलं गेलं नाही. घरात जावई आला तर त्याचीही एवढी बडदास्त कुणी ठेवली नसती.

तरी मला ते काम आवडायचं, हे आज नाकारून काय उपयोग? गार इंजिनावर हात ठेवून बघायचं, ओला फडका धरून झाकण दाबून फिरवायचं, की आतून एक पुसट उसासा यायचा – गंजाचा, रबराचा, रात्रभर मुरलेल्या उबेचा. मग बारीक धार. आत कुठंतरी खोल, पोकळ आवाज करत पाणी उतरायचं, आवाज भरत भरत वर यायचा, आणि एकदम शांत होऊन त्यात डोळा दिसायचा. ‘दिसला,’ मी ओरडायची. ‘माझी डोळेवाली लेक,’ अण्णा म्हणायचे. माझा मोठा भाऊ, दादा, त्यावर जळायचा. अण्णा कौतुक करणाऱ्यांतले नव्हतेच. त्यामुळे ते तीन शब्द मी दिवसभर तोंडात खडीसाखरेसारखे घोळवत असे.

आईचं माहेर मनोरकडचं. नदीच्या पाण्यावर वाढलेली बाई. तिला दागिन्यांची हौस नव्हती, लुगड्यांची नव्हती. हौस होती ती चहाची. दूध घातलेला, दाट, आल्याचा चहा. आमच्याकडे येऊन ती ते विसरून गेली होती, कारण हंड्यातल्या पाण्याचा चहा व्हायचा तो अण्णांसाठी आणि गाडी बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी. एकदा शाळा लवकर सुटली म्हणून मी दुपारीच घरी आले, तर स्वयंपाकघरात आल्याचा वास कोंदून राहिला होता, आणि आई चुलीपुढं भिंतीला टेकून, पाय लांब करून, डोळे मिटून बसली होती. हातात कप. कपातला चहा फाटलेला नव्हता. तिला अशी पाय पसरून बसलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. शेजारी गाडीची कळशी उघडी होती.

‘बस,’ ती म्हणाली, आणि कपातला अर्धा चहा बशीत ओतून माझ्यापुढं सरकवला. ‘कोनाला सांगू नको.’

‘आणि गाडीला?’

‘गाडीला आपल्या हिरीचं घालू.’ ती हसली. ‘लोखंडाला काय जीभ हाय? त्याला काय कळतंय गोडं नि खारं?’

मला ते पटलं. बशीतला चहा इतका सुंदर होता की काहीही पटलं असतं. मग हे आमचं ठरूनच गेलं. आधी कळशीतलं कपभर चहाला जायचं, मग तांब्याभर डाळीला जाऊ लागलं, आणि वैशाख तापला तसं उरलेलं आमच्या माठात. लाल अक्षरांच्या डब्यात आई वाडीतल्या विहिरीचं पाणी भरायची. अण्णा रात्री जेवताना भातावर वरण कालवून म्हणत, ‘आजकाल डाळ मऊ शिजतीय तुझी,’ आणि आई माझ्याकडे न बघता त्यांना आणखी वाढायची. चारेक महिने असे गेले. त्या चार महिन्यांत आईला मी दोन-तीनदा गुणगुणताना ऐकलं.

त्याच सुमारास अण्णांना हवा होता तो साहेब भेटला. पालघरला राहणारा, बोईसरच्या कारखान्यात बसणारा. रोज सकाळी न्यायचं, संध्याकाळी आणायचं. आठवडाभर जमलं तर कायमचं. अण्णांनी शर्टाला इस्त्री करून घेतली. चौथ्या दिवशी उमरोळीच्या बाजूचं रेल्वेचं फाटक बंद होतं. गाडी पुन्हा सुरू होते न होते या धास्तीनं अण्णांनी इंजिन चालूच ठेवलं, मालगाडी संपता संपेना, आणि बॉनेटच्या फटींतून वाफ येऊ लागली. मग उकळतं पाणी. पांढऱ्या शर्टातला साहेब उतरला, कडेला उभा राहिला, घड्याळ बघितलं, आणि मागून आलेल्या दुसऱ्या एका गाडीत बसून गेला. तो परत कधी आला नाही. अण्णा गाडीसकट घरी आले ते एका टेंपोच्या मागं, दोरानं बांधून. रस्त्यावरचं प्रत्येक घर बाहेर येऊन बघत होतं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. त्यानं खालची तोटी सोडली, आणि घमेल्यात पडलं ते पाणी विटकरी होतं, त्यात पांढरे खवले. त्यानं डब्यात बोट बुडवून जिभेला लावलं. ‘सेठ,’ तो म्हणाला, ‘ये तो खारा पानी है.’

अण्णांनी आईला बाहेर बोलावलं.

‘पानी कोन भरतं?’

‘मीच भरते.’

‘गोड्या हिरीचं?’

आईनं पदर दोन्ही खांद्यांवर ओढून घेतला. ‘व्हय,’ ती म्हणाली.

मग अण्णा माझ्याकडे वळले, आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हे लिहितानाही तो हात मला जाणवतो – ग्रीसचा वास येणारा, जड, उबदार हात. ‘माझी डोळेवाली लेक,’ ते म्हणाले, ‘रोज तू घालतेस. तू सांग. तू खोटं नाय बोलायची.’

मला सांगता आलं असतं की कळशी माझ्याकडून सांडली आणि कंटाळा केला म्हणून मीच वाडीतल्या विहिरीचं भरलं. एक थप्पड बसली असती, फार तर दोन. हे मला आज सुचतंय असं नाही. तेव्हाही सुचलं होतं. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पण त्या हाताखालून निघावंसं वाटेना. मी म्हणाले, ‘आई दुपारी त्याचा चहा करते.’

डाळीचं मी सांगितलं नाही. माठाचं सांगितलं नाही. बशीचं तर नाहीच. आईनंही सांगितलं नाही. ती एक शब्द बोलली असती – की तुमी रोज बोटं चाटून खाल्लीत ती डाळ कशात शिजली – तर अण्णांना तिथंच खाली बसावं लागलं असतं. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या बघण्यात राग नव्हता. नुसती चुकचुक होती.

मिस्त्री हत्यारं आवरू लागला. अण्णांनी तो डबा उचलला, उरलेलं पाणी केळीत ओतलं, आणि रिकामा डबा आईच्या हातात दिला. ‘उद्यापासनं आधी तू प्यायचं,’ ते म्हणाले. ‘मग गाडी.’

आणि तसंच झालं. मिस्त्रीनं रेडिएटरच्या जाळीला डाग देऊन ती चालती केली, पण घाम काही गेला नाही, आणि कळशी चालूच राहिली. रोज सकाळी बॉनेट उघडलं की आई ओले हात पदराला पुसत बाहेर यायची, डब्यातलं ओंजळभर पाणी प्यायची, एकच घोट, आणि केळींकडे बघत म्हणायची, ‘गोडं हाय. घाला.’ मग अण्णा मला मान हलवून खूण करायचे. एकदा मुरब्याची मासळीवाली टोपली घेऊन अंगणात आली, तिनं हे पाहिलं आणि थट्टेनं म्हणाली, ‘काय गो, गाडीचा निवद तू खातेस काय?’ कुणी हसलं नाही तेव्हा तिला समजलं. तिनं टोपली न उतरवताच पाय काढता घेतला. मी बादलीवर उभी होते. डोळा दिसला का, असं अण्णांनी विचारलं आणि मी आत न बघताच ‘दिसला’ म्हणाले. त्या दिवसापासून मी कधी आत बघितलंच नाही.

आईनं चहा सोडला. पित्त होतं, असं सगळ्यांना सांगायची. मला ती कधी एका शब्दानं बोलली नाही, माझी वेणी घालणं, शाळेचा डबा, तापात उशाशी बसणं, सगळं होतं तसंच राहिलं. फक्त दुपारी घरी आले तर ‘बस’ म्हणायची नाही. तिनं मला धरून बडवलं असतं तर मी तिचे पाय धरले असते. तिनं ती सोयच ठेवली नाही.

हे आठ वर्षं चाललं. मी आठवीत गेल्यावर बादलीवर दादा उभा राहू लागला, पण आईचा घोट चुकला नाही. वाडीत नळ आला, घरोघरी गोडं पाणी आलं, पहिल्या दिवशी बायकांनी नळाला हळदकुंकू वाहिलं. त्या सकाळीदेखील नळाच्या पाण्यानं भरलेला डबा अण्णांनी आईपुढं धरला. तिनं घोट घेतला. तेव्हा मात्र मी म्हणाले, ‘अण्णा, नळाचं आहे ते.’ ते म्हणाले, ‘सवय असलेली बरी.’ मला त्यांचा राग आला, आजही येतो, ते गेल्यालाही आता वर्षं झाली तरी येतो. पण तो राग मी कधी नीट वापरू शकले नाही, कारण त्याला हात घालायला गेलं की खाली माझंच वाक्य सापडतं. नव्वदीच्या सुरुवातीला गाडी एकदाची बंद पडली आणि मांडवाखाली उभी राहिली. कोंबड्या तिच्यात अंडी घालू लागल्या.

काही वर्षांपूर्वी मुंबईचा एक तरुण ती बघायला आला. असल्या गाड्यांना आता क्लासिक म्हणतात. लोक त्या शोधत हिंडतात, बापाच्या मायेनं त्यांचा एकेक नट जमवतात. मी लग्नानंतर बोईसरलाच असल्यामुळे त्या दिवशी वाडीवर गेले होते. आई पडवीत बसली होती. तो तरुण बोलका होता. त्याच्या पिशवीत कूलंटचा कॅन होता. झाकणात थोडं ओतून त्यानं मला दाखवलं, पोपटी, तेलकट, सरबतासारखं. तो म्हणाला की आता रेडिएटरला नुसतं पाणी कुणी घालत नाही, हे मिसळतात, म्हणजे गंज धरत नाही. मग तो गाडीखाली सरपटत गेला आणि खालूनच त्यानं विचारलं, ही पूर्वी गळायची का?

दादा हसला. ‘आली त्या दिवसापासून. घाम आलाय म्हणाले होते आमचे वडील.’

‘मग रेडिएटरची जाळी गाडी घेतानाच गेलेली असणार,’ तो बाहेर येत, केस झटकत म्हणाला. ‘आणि काका, कूलंटशिवाय गोडं पाणीही लोखंड खातंच. खारं जरा लवकर खातं, एवढंच.’

तो टायरकडे वळला. दादालाही त्यात काही विशेष वाटलं नाही. मी मात्र वाकून गाडीच्या पोटाखाली बघितलं. पहिल्या दिवशीच आमच्या डोळ्यांसमोर जी गळत होती, ती जाळी आईनं सडवली असं आम्ही मानलं होतं. सगळ्यांनी. अण्णांनी, दादानं, मी, त्या मिस्त्रीनं. आठ वर्षं रोज सकाळी अंगणात जे झालं, ते त्या थेंबांकडे बघून हसलेल्या माणसांनी केलं होतं.

गाडी ट्रकवर चढून गेली तेव्हा मी आईजवळ जाऊन बसले. म्हटलं, ‘आई, तुझ्या पाण्यानं काही झालं नव्हतं गं. ती आधीच सडलेली होती.’

‘ठावं होतं मला,’ ती म्हणाली. ‘गळत होती ना पयल्यापासनं.’

‘मग बोलली का नाहीस?’

तिनं मांडवातल्या रिकाम्या जागेकडे, तेलाच्या काळ्या डागाकडे बघितलं. ‘पन चहा मी पीत होते ना,’ ती म्हणाली.

मी तेव्हाच उठून, आलं ठेचून, दूध घालून चहा केला. कपातला अर्धा बशीत ओतला आणि कप तिच्यापुढं ठेवला. तिनं तो हातात धरला, त्याची ऊब घेतली, आणि निवल्यावर तसाच परत दिला. पित्त होतं, म्हणाली.

गेल्या वर्षी ती माझ्याकडेच होती, शेवटचा महिनाभर. माणसं ओळखेनाशी झाली होती. मला कधी बहीण समजायची, कधी कुणीच नाही. एका दुपारी तिचे ओठ सुकलेले दिसले म्हणून मी चमच्यानं पाणी पाजलं. साधं, नळाचं, गाळून उकळून गार केलेलं. तिनं ते तोंडात घोळवलं, गिळलं, आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे कुठंतरी बघत, स्वच्छ आवाजात म्हणाली, ‘गोडं हाय. घाला.’

मी दुसरा चमचा भरून तिच्या ओठांशी नेला. तिनं तोंड मिटून घेतलं. एका घोटापलीकडचं पाणी गाडीचं होतं.